मखराआधीची कथा

नवरात्र सुरू झाले की अंत्रुज महालातल्या देवळांच्या वाटांवर रात्री गाड्यांची रीघ लागते. म्हार्दोळ, कवळे, मंगेशी, बांदिवडे, कुंडई... एका रात्रीत तीन-चार देवळे करणारे लोक असतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "मखर किती वाजता?" मखर म्हणजे काय हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नको. घाटावरच्या पाहुण्यांसाठी एवढेच सांगतो, की रंगीत कागद, फुले, दिवे यांनी सजवलेल्या लाकडी मखरात देवाची उत्सवमूर्ती बसवतात, ते मखर टांगलेले असते आणि आरतीच्या वेळी वाद्यांच्या ठेक्यावर ते पुढे-मागे झुलवतात. देवीच्याच नव्हे, देवाच्याही देवळांत हा सोहळा होतो. घंटा, झांजा, चौघडा यांचा एकच कल्लोळ उठतो आणि त्या हलत्या दिव्यांत मूर्ती जिवंत वाटू लागते. पाहण्यासारखे असते, यात वादच नाही.

पण मला लिहायचे आहे ते मखराबद्दल नाही. मखर हलण्याआधी तास-दीड तास त्याच सभामंडपात एक माणूस उभा राहून गोष्ट सांगत असतो. अंगरखा, उपरणे, डोक्याला पागोटे किंवा फेटा, हातात चिपळ्या नाहीतर झांज, मागे पेटी आणि तबला. हा आपला हरिदास. छापील पत्रिकेत त्याच्या कार्यक्रमाला 'कीर्तन' म्हणतात, पण आमच्याकडची जुनी माणसे 'कथा' म्हणत. "देवळांत कथा आसा" असे म्हटले की पुरे. हा शब्द मला जास्त बरोबर वाटतो, कारण लोक जमत ते गोष्ट ऐकायला. उपदेश त्या गोष्टीबरोबर मिळायचा, जसा प्रसादाबरोबर तुळशीचे पान.

कीर्तनाचे नारदीय, वारकरी, रामदासी, राष्ट्रीय असे प्रकार सांगतात. आपल्या देवळांत प्रामुख्याने रुजले ते नारदीय. त्याचे दोन भाग. पूर्वरंगात नमन होते, मग एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण. मधे नामाचा गजर, हरिदासाच्या गळ्यात हार, कपाळी बुक्का. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. पूर्वरंगात जो विचार मांडला तोच आता एका गोष्टीतून दाखवायचा. दान हा विषय असेल तर कर्ण किंवा सुदामा, निष्ठा असेल तर प्रल्हाद. या आख्यानासाठी आर्या, साकी, दिंडी, कटाव, श्लोक, ओवी, पद अशी केवढी सामग्री हरिदासाला तोंडपाठ असावी लागते! मोरोपंतांच्या आर्या, श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप', महिपतीबुवांचे 'भक्तविजय' ही त्याची भांडवलाची पेढी. एकच माणूस दुर्योधन होतो, लगेच वळून द्रौपदी होतो, मग स्वतः होऊन श्रोत्यांकडे पाहतो आणि विचारतो, "आता सांगा, चूक कुणाची?" नेपथ्य नाही, वेषांतर नाही. उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला की कैकेयी आणि तोच कमरेला बांधला की भीम.

आणखी एक गोष्ट. पुराणिक आणि प्रवचनकार बसून बोलतात, हरिदास उभा राहून. तो उभा असतो ती नारदाची गादी, म्हणून वयाने मोठी माणसेसुद्धा त्याच्या पायांना हात लावतात. तो नमस्कार त्या जागेला असतो.

घड्याळ सांभाळणे ही या कलेतली मला सर्वांत अवघड वाटणारी बाब. रामनवमीला जन्म दुपारी बाराला, हनुमान जयंतीला सूर्योदयाला, गोकुळाष्टमीला मध्यरात्री. हरिदासाने आख्यान असे रचायचे की कौसल्येच्या महालात बाळ रडायला आणि पाळण्याची दोरी ओढायला एकच क्षण यावा. वेळ उरली तर दशरथाच्या यज्ञाचे वर्णन लांबवायचे, वेळ सरली तर डोहाळे आवरते घ्यायचे, आणि हे श्रोत्याला कळता कामा नये. लिहून आणलेल्या भाषणाला हे जमत नाही. समोरची माणसे, त्यांचा उत्साह, झोप, मागच्या बाकावरची कुजबुज हे सगळे पाहत पाहत गोष्ट तिथल्या तिथे घडवावी लागते.

आता भाषेकडे येतो, कारण खरे तर याच मुद्द्यासाठी हा लेख लिहायला बसलो. हरिदासाची भाषा मराठी. समोर बसलेल्यांच्या घरातली भाषा कोंकणी. हा प्रकार बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतो आणि अलीकडे आपल्यातल्याही काहींना वाटू लागला आहे. माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. रात्री देवळात कथा ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ किसता किसता तीच गोष्ट आम्हां मुलांना सांगायची, कोंकणीतून. "रामान ताका इतलें सांगलें, पूण तो आयकता खंय?" अशा थाटात. मात्र गोष्टीत पद आले की ते मराठीत, जसेच्या तसे, चालीसकट. पदाचे कोंकणी करावे असे तिला कधी सुचले नाही आणि गोष्ट मराठीत सांगावी असेही नाही. गोष्ट सांगायची ती कोंकणीत, गायची ती मराठीत. यात काही वेगळे आहे असे आम्हांलाही तेव्हा वाटले नाही.

पुढे अ. का. प्रियोळकरांचे लेखन वाचताना एक माहिती मिळाली आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. पोर्तुगालमध्ये ब्रागा नावाचे शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात गोव्याहून गेलेली सोळाव्या शतकातली हस्तलिखिते आहेत. प्रा. मारियानो सालढाणा यांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. लिपी रोमन. आत काय आहे? रामायण आणि महाभारतातल्या गोष्टी. त्यांतल्या गद्य गोष्टी कोंकणीत आणि ओवीबद्ध रचना मराठीत! गोव्याला आलेल्या मिशनऱ्यांना इथली भाषा आणि इथला धर्म समजून घ्यायचा होता, म्हणून त्यांनी हे लिहवून घेतले. म्हणजे माझ्या आजीने नारळ किसताना केलेली भाषेची वाटणी चारशे वर्षांपूर्वीच्या कागदांवरही तशीच होती.

या हस्तलिखितांत कृष्णदास शामा यांचे 'श्रीकृष्णचरित्रकथा' आहे. भागवताच्या दशम स्कंधावर आधारलेली ही ओवीबद्ध मराठी रचना. शके १४४८, म्हणजे इ.स. १५२६ मध्ये ती लिहायला घेतल्याचे कवीच सांगतो. गाव केळशी, सासष्टी महालातले. पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आज याच कृष्णदास शामांच्या नावाने ओळखले जाते, हे तिथे स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी बसणाऱ्या मुलांना कुणी तरी सांगायला हवे. नावातच 'कथा' आहे हे लक्षात घ्या. छापखाना गोव्यात आला १५५६ मध्ये. त्याआधी तीस वर्षे लिहिलेली ही ओवी डोळ्यांनी वाचण्यासाठी थोडीच लिहिली असणार! एकाने म्हणायची आणि गावाने ऐकायची, अशीच ती रचना आहे.

त्या केळशीचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळे पाडली गेली होती. १५६० च्या दशकात बार्देश आणि सासष्टीवर तीच पाळी आली. केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून कवळ्याला गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांच्या हाताबाहेर. १५६० मध्येच गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. जुन्या काबिजादीत देऊळ नाही, उत्सव नाही, पुरोहित आणि उपदेशक हद्दपार, आणि पोथ्या सापडल्या की जप्त. त्या काळच्या जेझुइट पत्रांत अशा जप्त केलेल्या मराठी पोथ्यांचे उल्लेख येतात. देव पालखीतून रातोरात नेता आला. कथा मात्र जिथे ऐकणारे तिथेच असते, आणि ऐकणाऱ्यांतले पुष्कळसे मागे राहिले होते.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे सांगणारा एक मोठा ग्रंथ आपल्याकडे आहे आणि तो लिहिला एका इंग्रज पाद्रीने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, इथेच राहिला, बहुतेक काळ सासष्टीत. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पैले पुराण आणि दुसरे पुराण मिळून सुमारे अकरा हजार ओव्या! हे पुराण का लिहिले याचे कारण त्याने ग्रंथातच दिले आहे. एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? आम्ही वेळ घालवावा तरी कशात? मला हा प्रश्न फार खरा वाटतो. धर्म बदलला, नाव बदलले, कपडे बदलले, पण संध्याकाळी चार माणसे जमली की कुणी तरी ओवीत गोष्ट सांगावी ही भूक काही गेली नाही. स्टीफन्सला ती दिसली हे त्याचे मोठेपण. रविवारी आणि सणांच्या दिवशी उपासना आटोपल्यावर देवळात, म्हणजे इगर्जीत, हे पुराण मोठ्याने वाचले जाई. (आपले ख्रिस्ती बांधव इगर्जीला 'देवूळ'च म्हणत आले, म्हणून हा शब्द आपोआप आला. खोडत नाही.)

आता गंमत पाहा. याच स्टीफन्सने ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी लिहिली ती कोंकणीत, ती १६२२ मध्ये निघाली. त्याने कोंकणीचे व्याकरण लिहिले, ते १६४० मध्ये छापून आले. म्हणजे कोंकणी त्याला येत होती, तिचे मोलही कळत होते. तरीही पुराण रचायचे ठरल्यावर त्याने मराठी घेतली आणि अवघड मराठी शब्द टाळून इथल्या लोकांच्या बोलीतले शब्द तिच्यात मिसळले, असे तो प्रस्तावनेत सांगतो. शिकवायचे ते कोंकणीत आणि ओवीत गायचे ते मराठीत. एका परक्या माणसाने कानांनी ऐकून जे ओळखले, ते आपण एकमेकांना पटवून देण्यासाठी केवढी भांडणे केली! १९६७ चा जनमत कौल झाला, १९८७ चा राजभाषा कायदा झाला. कायद्याच्या कलमांबद्दल मी इथे काही म्हणत नाही, सरकारी टेबलावर दोन्ही भाषांतल्या अर्जांवर शेरे मारण्यात माझी नोकरी चालली आहे. पण मराठी ही गोव्यात बाहेरून आणून बसवलेली भाषा असे कुणी म्हटले की मला कृष्णदास शामा आठवतो, आणि कोंकणी ही नुसती मराठीची बोली असे आमच्यातलेच कुणी म्हटले की ब्रागातल्या त्या गद्य गोष्टी आठवतात. दोन्ही भाषा एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या, आणि बांधणाऱ्याला त्यात विसंगती वाटली नव्हती.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. भाषा काही कुणी सोडली नाही, पण पाठबळ गेले ते गेलेच. त्या पुराणाची जुनी छापील प्रत आज शोधून सापडणे कठीण. ग्रंथ टिकला तो लोकांनी हातांनी उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणांनी मंगळूरला तो रोमन लिपीत पुन्हा छापला आणि देवनागरीत पुण्याला शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये आणला.

नदीपलीकडे, अंत्रुजात, कथा चालू राहिली. कवळ्याचे आजचे देऊळ उभे राहिले ते १७३८ च्या सुमारास, शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने. १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेले, पण तोवर वारे बदलले होते आणि नव्या काबिजादीत देवळांना हात न लावण्याचे धोरण त्यांनी पत्करले. पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना मोकळा श्वास मिळाला, मराठी शाळा आणि वाचनालये निघाली. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील अक्षरावर सेन्सॉर बसले, साध्या निमंत्रणपत्रिकेलासुद्धा मंजुरी लागे. मंडपात उभा राहून बोलणाऱ्याचे मूळ हस्तलिखित मात्र कुठून मागणार? कंसाच्या कारागृहाचे वर्णन हरिदास करी, तेव्हा त्या तुरुंगाच्या भिंती कुठल्या हे ऐकणाऱ्याने आपले आपण समजावे अशी सोय त्या गोष्टीतच होती. कीर्तन ही शिक्षणाची कमतरता भरून काढणारी शाळा होती असे भाषणांत सांगतात. माझे मत जरा निराळे आहे. शाळा म्हटले की मराठी पुस्तकातून आली असे वाटते. आमच्याकडच्या निरक्षर बायकांना मराठी आली ती कानांतून, आणि ती चांगली आली. आजीला 'तथापि' आणि 'यद्यपि' यांतला फरक बरोबर कळत असे.

आज काय स्थिती आहे? कीर्तन बंद पडलेले नाही. नवरात्रात, माघात, रामनवमीला, गावोगावच्या वार्षिक उत्सवांत ते होते. फोंड्याकडे ते रीतसर शिकवले जाते, स्पर्धा होतात, आणि पूर्वी पुरुषांचीच समजली जाणारी ही गादी आता बायका आणि मुलीही उत्तम सांभाळतात. गळा आणि पाठांतर या बाबतीत आजची तरुण मंडळी जुन्यांना हार जाणार नाहीत.

कमी झाला आहे तो वेळ, आणि ऐकणारा. दोन वर्षांपूर्वी एका देवळात (नाव देत नाही, हे सगळीकडेच होते) मी कथेला वेळेवर गेलो. हरिदास तरुण होता, विषय सुदामा. पहिला अर्धा तास मंडपात पंचवीसेक माणसे, त्यांतली निम्मी खुर्च्या मांडणारी. पूर्वरंग आटोपून त्याने आख्यान उचलले आणि गर्दी वाढू लागली, पण ती मखरासाठी. लोक जागा धरायला आले होते. मोबाईल वर करून मखराच्या दिशेने कोन जुळवणे चालू झाले. सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन द्वारकेच्या वेशीपाशी पोचला आणि समितीतल्या एका गृहस्थांनी खांबाआडून मनगटावर बोट ठेवून खूण केली. हरिदासाने ती पाहिली. पुढची पाच मिनिटे त्याने जे केले ते पाहून मी थक्क झालो. भेट, मिठी, पाय धुणे, पोहे हे सगळे एका कटावात असे घेतले की एक धागा सुटला नाही, आणि परतीच्या वाटेवर झोपडी न सापडल्याने भांबावलेला सुदामा एका नजरेत दाखवून त्याने शेवटचे मागणे म्हटले. घड्याळ सांभाळण्याची जी विद्या रामजन्मासाठी कमावलेली, ती इथे ध्वनियंत्रणावाल्याच्या आणि समितीच्या सोयीसाठी खर्च झाली. लगेच चौघडा वाजला.

मखराला मी दोष देणार नाही. मखर आहे म्हणून देवळात माणसे येतात, माणसे येतात म्हणून पत्रिकेत कीर्तनाची ओळ अजून आहे. पण समित्यांना दोन-तीन गोष्टी सहज करता येतील असे वाटते. पत्रिकेत मखराची वेळ ठळक छापतात, तशी कथेची वेळ आणि त्या रात्रीचे आख्यान छापावे. "आज : सुदामा" एवढे दोन शब्द पुरतात. नऊ रात्रींसाठी एकच हरिदास बोलावला असेल तर त्याला एकच मोठे आख्यान क्रमाने सांगू द्यावे, म्हणजे काल काय झाले हे विचारायला तरी कुणी लवकर येईल. आणि बिदागी वाढवावी. सजावटीवर होणाऱ्या खर्चाचा एक लहानसा भाग त्याला पुरे. तो माणूस रात्री घसा फोडतो आणि सकाळी आपल्यासारखाच नोकरीवर जातो.

त्या सुदामाच्या रात्री परत येताना गाडीत मागच्या सीटवर माझी पुतणी होती, सातवीत शिकणारी. तिने मखराचे चित्रीकरण केले होते, ते मैत्रिणींना पाठवून झाले. मग म्हणाली, "बाबू, तो सुदामा घरा पावलो मूं? ताची बायल खंय आसली?" गोष्टीचा जो शेवट हरिदासाला आवरता घ्यावा लागला होता, तो मी तिला बाणास्तारीचा पूल येईपर्यंत सांगत होतो. कोंकणीत. पद आले तिथे मात्र अडखळलो, कारण मला चाल आठवत होती, शब्द अर्धेच.